हिरडीखाली किती मिलिमीटर? पायोरियावरच्या वस्तू आणि सेवांचा आढावा

औषधांच्या दुकानात हिरड्यांचा कप्पा हल्ली चांगलाच भरलेला दिसतो. गुळण्यांची औषधं, गम पेंट, मेट्रोनिडाझोलची जेल, 'गम केअर' लिहिलेल्या पेस्ट, पाण्याची धार मारणारी यंत्रं, दातांच्या फटीत घालायचे बारीक ब्रश. जोडीला एक वाक्यही आता सगळीकडे ऐकू येतं: हिरड्या सांभाळा, हृदय आणि साखर आपोआप सांभाळली जाईल. हे वाक्य अर्धं खरं आहे. पायोरियामुळे रक्तातला दाह वाढतो हे मोजलेलं आहे आणि उपचारांनी तो उतरतो हेही मोजलेलं आहे. मात्र ही मोजमापं ज्या उपचारांवर झाली ते दवाखान्याच्या खुर्चीत, हिरडीच्या कडेखाली हत्यार घालून केलेले होते. म्हणून इथे प्रत्येक वस्तूला आणि सेवेला आम्ही आधी एकच प्रश्न विचारला आहे: ती हिरडीखाली किती खोल पोचते?

आधी जखम केवढी ते पाहू. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामध्ये १ ते ३ मिमी खोल खाच असते. ब्रश तिथे कडेपुरता जातो आणि तेवढं पुरतं. दातावर रोज बसणारा जिवाणूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, निघाला नाही की हिरडी लाल होते, सुजते आणि घासताना रक्त येतं. डेन्मार्कमध्ये ऑर्हूस इथे हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली १२ निरोगी जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणं पुन्हा सुरू झाल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. इथवरचा आजार पुरता परतवता येतो. पुढे काही जणांत दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड झिजू लागतं, खाचेची खोली ४, ६, ८ मिमीपर्यंत जाते आणि पॉकेट तयार होतं. गेलेलं हाड सहसा परत येत नाही. हा पायोरिया.

पॉकेटचं आतलं अस्तर जागोजागी सोललेलं असतं. सगळ्या तोंडातली अशी जखम एकत्र केली तर तळहाताएवढी होते, असं पोस्टरवर हमखास लिहिलेलं असतं. मोजून काढलेले आकडे लहान आहेत. पायोरियाच्या रुग्णात या अस्तराचं एकूण क्षेत्रफळ साधारण ८ ते २० चौरस सेंमी भरतं, म्हणजे जास्तीत जास्त काड्यापेटीच्या वरच्या बाजूपेक्षा थोडं अधिक. तरीही, हातावर एवढी जखम वर्षानुवर्षं चिघळत राहिली असती तर कुणी नुसती पेस्ट बदलून गप्प बसलं नसतं.

या जखमेतून शरीरात दोन वाटांनी माल जातो. चावताना आणि ब्रश करताना जिवाणू थेट रक्तात उतरतात. निरोगी माणसातही थोडे उतरतात, सुजलेल्या हिरड्यांतून ते जास्त आणि वारंवार उतरतात. दुसरी वाट रसायनांची. पॉकेटमध्ये पांढऱ्या पेशी आणि जिवाणू यांची जी झटापट चालते तिच्यात इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा यांसारखे संदेशवाहक रेणू तयार होतात. ते रक्तातून यकृतापर्यंत जातात आणि यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, जास्त बनवू लागतं.

इथेच तपासणीच्या पॅकेजांबद्दल दोन शब्द. 'हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी' आता बऱ्याच पॅकेजांत असते. १ मिग्रॅ प्रति लिटरच्या खाली हृदयाचा धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त असं तिचं वाचन. पायोरियाचे उपचार करून हा आकडा सरासरी अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास उतरतो. म्हणजे २.४ चा १.९ होऊ शकतो. १५ आला असेल तर हिरड्यांकडे बोट दाखवू नका. ताप, लघवीचा संसर्ग, सांधे असं दुसरं कारण शोधायला हवं आणि ते बरं झाल्यावर तपासणी पुन्हा करायला हवी. हिरड्यांची अवस्था कळावी एवढ्यासाठी ही चाचणी करून घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे. ते काम मिलिमीटरच्या खुणा असलेली एक साधी सळई जास्त चांगलं करते.

एकाच नावाच्या दोन सेवा

'दात साफ करून घेतले' या एका वाक्याखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली पंधरा-वीस मिनिटांची: अल्ट्रासोनिक यंत्राने वर दिसणारं कीटण काढायचं, पॉलिश करायचं, चहा-तंबाखूचे डाग घालवायचे. हिरड्या नुसत्या सुजलेल्या असतील आणि पॉकेट नसतील तर एवढं पुरेसं आहे. पॉकेट असतील तर ही सेवा जवळजवळ निरुपयोगी, थोडी घातकही. कारण वरचं कीटण गेल्यावर हिरडीची कड घट्ट होते, रक्त थांबतं, रुग्ण खूश होतो आणि खाली ६ मिमीवर आजार चालूच राहतो.

दुसरी सेवा म्हणजे स्केलिंग आणि रूट प्लेनिंग, बोलीभाषेत 'डीप क्लीनिंग': हिरडीखाली, पॉकेटच्या आत जाऊन मुळावरचं कीटण काढणं. पैसे देण्याआधी आपल्याला यातली कुठली सेवा मिळणार आहे हे ओळखायची खूण सोपी आहे: डॉक्टरांनी प्रोब वापरला का? प्रोब ही मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट टोकाची सळई. ती प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी, २०-२५ ग्रॅमच्या हलक्या दाबाने फिरवतात आणि खोली मदतनिसाला मोठ्याने सांगतात: तीन, दोन, चार; पाच, तीन, सहा. २८ दात असतील तर १६८ आकडे होतात. कुठे रक्त आलं, कुठला दात किती हलतो, दाढांच्या मुळांमधली फट उघडी पडली आहे का, हेही तक्त्यात उतरतं. सोबत हाडाची पातळी दाखवणारे एक्स-रे. हा तक्ता न करता 'डीप क्लीनिंग'चा दर सांगितला जात असेल तर उठून यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. तक्त्याची प्रत मागून घ्या; तीन महिन्यांनी तीच कामाला येणार आहे.

खुर्चीत बसण्याआधी विचारले जायला हवेत असे प्रश्न: एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) किती, तंबाखू कुठल्या स्वरूपात, गोळ्या कोणत्या. अम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी, फेनिटॉइन हे फिट्सचं औषध आणि प्रत्यारोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन यांनी हिरड्या वाढतात. अशा वेळी कितीही घासलं तरी सूज पूर्ण उतरत नाही. गोळी मात्र ज्या डॉक्टरांनी लिहून दिली त्यांना विचारूनच बदलायची. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. हृदयात कृत्रिम झडप असेल किंवा आधी एंडोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराचा संसर्ग, होऊन गेला असेल तर सफाईच्या अर्धा ते एक तास आधी प्रतिजैविकाचा एक डोस लागतो, नेहमीच्या प्रौढाला ॲमॉक्सिसिलिन २ ग्रॅम. हे विचारलंच गेलं नाही तर स्वतःहून सांगा.

प्रत्यक्ष कामात आधी भूल. ६ मिमीच्या पॉकेटमध्ये भूल न देता नीट काम करता येत नाही; रुग्ण दचकतो, हात आवरता घेतला जातो आणि कीटण खालीच राहतं. मग अल्ट्रासोनिकची बारीक टिप. ती सेकंदाला २५ हजार किंवा त्याहून जास्त वेळा कंप पावते, पाण्याने थंड राहते आणि तेच पाणी पॉकेट धुऊन काढतं. त्यानंतर हातातली हत्यारं, ग्रेसी क्युरेट, म्हणजे मूळ खरवडायची बाकदार पाती. त्यांना क्रमांक असतात: पुढच्या दातांना ५/६, दाढांच्या गालाकडच्या आणि जिभेकडच्या बाजूंना ७/८, दाढेच्या पुढच्या बाजूला ११/१२, मागच्या बाजूला १३/१४. प्रत्येकाचा बाक वेगळा, कारण मुळाची प्रत्येक बाजू वेगळ्या कोनात आहे. एकाच हत्याराने सगळं तोंड उरकणारा माणूस मागच्या दाढांची मागची बाजू सोडून देणार, हे गृहीत धरा. अर्ध्या तोंडाला पाऊण ते एक तास लागतो. त्यामुळे दोन किंवा चार बैठका.

बिघडतं कुठे? धार गेलेल्या क्युरेटने कीटण निघत नाही, घोटलं जातं; हाताला गुळगुळीत लागतं आणि मुळावर तसंच राहतं. ५ मिमीच्या पुढे न बघता, केवळ स्पर्शाने केलेल्या कामात कीटण उरण्याचं प्रमाण वाढत जातं. दाढांच्या मुळांमधली फट तर क्युरेटच्या पात्यापेक्षा अरुंद असू शकते. उलट टोकाची चूकही होते: मूळ काचेसारखं होईपर्यंत खरवडत राहणं. जुन्या पिढीला असंच शिकवलं जायचं. आता त्याची गरज मानत नाहीत. जास्त खरवडलं तर मुळाचं आवरण जातं आणि महिनोन्‌महिने दात शिवशिवतात.

सफाईनंतर दात हलायला लागले, फटी पडल्या, ही तक्रार आपल्याकडे घरोघर ऐकू येते. फटी आधीपासूनच होत्या, त्या कीटणाने बुजलेल्या होत्या. सूज उतरली की हिरडी १-२ मिमी आक्रसते, मूळ थोडं उघडं पडतं आणि गार पाणी झोंबतं. हे उपचार लागू पडल्याचं लक्षण आहे. चांगला दवाखाना हे आधी सांगतो आणि शिवशिवीसाठी पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट लिहून देतो. बहुतेकांची शिवशिव काही आठवड्यांत कमी होते.

आणि मग ती बैठक, जी बहुतेक जण चुकवतात आणि कित्येक दवाखाने बोलावतही नाहीत: ८ ते १२ आठवड्यांनी पुन्हा सगळे १६८ आकडे. ४ ते ६ मिमीचं पॉकेट सरासरी सव्वा मिमीने उथळ होतं, ७ मिमीच्या पुढचं सुमारे दोन मिमीने. म्हणजे ५ चं ४ होऊन प्रश्न सुटतो, पण ८ चं ६ होऊन सुटत नाही. जिथे ६ मिमी किंवा जास्त खोली उरली, किंवा ५ मिमीवर अजून रक्त येतं, तिथे पुन्हा काम करावं लागतं, काही ठिकाणी हिरडी उघडून, म्हणजे फ्लॅप शस्त्रक्रियेने. त्यानंतर पहिली काही वर्षं दर ३-४ महिन्यांनी देखभालीची सफाई, कारण खोल जागेतले जिवाणू काही आठवडे ते महिन्यांत परत बस्तान बसवतात. पहिल्या सफाईला पैसे आहेत आणि तीन महिन्यांच्या भेटीला नाहीत असं असेल तर खर्चाचं गणित आधीच बोलून घ्या.

लेझरचा पर्याय दाखवून दर वाढवला जातो. युरोपातल्या पेरिओडॉन्टॉलॉजी महासंघाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी सफाईला जोड म्हणून लेझर वापरू नये असं सुचवलं आहे. सरसकट प्रतिजैविकं देण्यालाही त्यांचा विरोध आहे. तरुण वयात झपाट्याने हाड जात असेल अशा मोजक्या रुग्णांत ॲमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल यांची जोडी उपयोगी पडते, तीही सफाईसोबत. सफाई न करता नुसत्या गोळ्या घेतल्या तर चार दिवसच बरं वाटतं, कारण प्लाकच्या दाट थरात औषध पुरेसं शिरतच नाही.

खिसा पाहून चालायचं असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईतलं नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय यांच्या हिरड्यांच्या विभागात हेच काम खासगीपेक्षा बऱ्याच कमी पैशांत होतं. वेळ जातो. विद्यार्थी काम करतात, वरिष्ठ तपासतात, बैठका जास्त होतात. पण तक्ता मात्र तिथे पूर्ण भरला जातो, कारण विद्यार्थ्याला तो शिक्षकांना दाखवायचा असतो.

सफाईनंतर रक्तात काय होतं

लंडनमध्ये झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गंभीर पायोरियाच्या १२० रुग्णांपैकी निम्म्यांना सखोल सफाई दिली, निम्म्यांना साधी. हाताच्या धमनीची प्रसरण पावण्याची क्षमता मोजली. सखोल गटात ती २४ तासांनी आधीपेक्षा खालावली आणि सीआरपी, इंटरल्यूकिन-६ वाढले. ६० दिवसांनी चित्र उलटलं. १८० दिवसांनी ती साध्या गटापेक्षा २ टक्क्यांनी सरस होती. याचा व्यवहारातला अर्थ: सफाईच्या दुसऱ्या दिवशीची कणकण आणि अंगदुखी खरी असते, तीव्र दाहाचा एक छोटा झटका येऊन जातो. ज्यांना नुकताच हृदयविकार होऊन गेला आहे त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलूनच तारीख ठरवावी आणि सगळं तोंड एका दिवसात उरकण्याचा आग्रह धरू नये. सफाईच्या आठवड्यात सीआरपीची चाचणीही करू नये. ती उगीच घाबरवेल.

सर्वांत भक्कम पुरावा साखरेचा आहे. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, असा हा दुतर्फा व्यवहार. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात ३५ अभ्यास एकत्र केले तेव्हा हिरडीखालच्या सफाईने एचबीए१सी ३-४ महिन्यांत सरासरी ०.४३ ने आणि १२ महिन्यांत ०.५० ने उतरलेलं दिसलं. लंडनच्याच २६४ रुग्णांच्या २०१८ च्या अभ्यासात सखोल उपचारांच्या गटात वर्षाअखेर ते ०.६ ने कमी होतं. म्हणजे ८.२ चं ७.६-७.७ च्या आसपास. एखादी गोळी वाढवून मिळावा असा हा फरक आहे, गोळी सोडून द्यावी असा मात्र नाही.

उलट निकालही समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेत ५१४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साखरेत काहीच फरक पडला नाही. त्यावर तज्ज्ञांचा आक्षेप असा, की सफाईनंतरही त्या रुग्णांच्या ४० टक्क्यांहून जास्त जागांवर रक्त येतच होतं. म्हणजे सफाई झाली, पण आजार हटला नाही. आमच्या मते या सगळ्या वादातली ही सर्वांत उपयोगाची गोष्ट आहे: साखर उतरायची असेल तर रक्तस्राव खरोखर थांबलेला दिसायला हवा, आणि तो तीन महिन्यांच्या तक्त्यातच दिसतो. एचबीए१सी त्याच सुमारास करून घ्या. ती चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे त्याआधी केली तर जुनाच हिशेब दिसेल.

हृदयाबद्दल विक्रेते जेवढं बोलतात तेवढा पुरावा नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली सगळे अभ्यास तपासून सांगितलं की संबंध आहे, धूम्रपानासारखी सामायिक कारणं वगळूनही तो उरतो. पण हिरड्यांवर उपचार केल्याने हृदयविकाराचा झटका टळतो असं दिसलेलं नाही. संधिवाताच्या बाबतीत दुवा जिवाणूपाशी सापडतो: पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा पायोरियातला मुख्य जिवाणू प्रथिनांतल्या आर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिन करणारं विकर (एन्झाइम) स्वतः बनवतो, आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवाताची अँटी-सीसीपी चाचणी नेमकी अशा बदललेल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं शोधते. दुवा लक्षवेधी आहे. दात साफ केल्याने सांधे बरे होतील असं त्यावरून कुणी सांगू लागलं तर सावध व्हा. गरोदरपणात सफाई सुरक्षित आहे आणि दुसऱ्या तिमाहीत सोयीची, पण २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ८२३ स्त्रियांच्या अभ्यासात तिने अकाली प्रसूतीचं प्रमाण घटलं नाही. अल्झायमरमध्ये याच जिवाणूच्या विकरांना रोखणारं औषध ६४३ रुग्णांवर तपासलं गेलं आणि २०२१ मध्ये मुख्य कसोट्यांवर ते उतरलं नाही. मुखाच्या संसर्गाला सगळ्या शरीराचं खापर चिकटवण्याची खोड जुनी आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंड-अमेरिकेत याच विचाराने संधिवाताच्या आणि मनोविकाराच्या रुग्णांचे धडधाकट दात सरसकट उपटले गेले होते.

घरात ठेवायच्या वस्तू

यात एकच वस्तू आम्ही हात राखून न ठेवता सुचवू: फटीत घालायचा इंटरडेंटल ब्रश. तो हिरडीला दाबत दोन-अडीच मिमी खाली जातो आणि मुळांच्या खोलगट बाजूंना टेकतो, जिथे फ्लॉसचा धागा नुसता वरून निसटतो. माप चुकलं तर मात्र उपयोग शून्य. स्वीडनच्या टेपे कंपनीची मापं रंगांवरून ओळखतात: गुलाबी ०.४ मिमी, नारिंगी ०.४५, लाल ०.५, निळा ०.६, पिवळा ०.७, हिरवा ०.८, जांभळा १.१. ब्रश घालताना केसांचा किंचित विरोध जाणवायला हवा आणि तार दाताला घासता कामा नये. सैल गेला तर मोठा घ्या. पायोरियाच्या तोंडात बहुधा दोन-तीन मापं लागतात: पुढे लाल, मागे पिवळा किंवा हिरवा. सफाईनंतर सूज उतरली की फटी मोठ्या होतात, तेव्हा मापं पुन्हा तपासून घ्या. हे कुणी सांगत नाही आणि लोक जुन्याच मापाने चालू राहतात.

रात्री एकदा, पेस्ट न लावता, प्रत्येक फटीत तीन-चार वेळा आत-बाहेर. मागच्या दाढांसाठी तोंड अर्धवट मिटा, गाल सैल पडतो आणि ब्रश सरळ जातो. तार मुडपली की मानेपाशी तुटते, म्हणून जोराने वळवू नका. केस पिंजारले की टाकून द्या. पहिला आठवडा रक्त येईल, थांबू नका. दोन आठवड्यांनंतरही त्याच फटीत येत असेल तर तिथे पॉकेट आहे, दवाखाना गाठा. फटी घट्ट असतील तिथे ब्रश घुसवू नये, धागा वापरावा.

क्लोरहेक्सिडिनची गुळणी हे चांगलं औषध आहे आणि आपल्याकडे ते फार वाईट पद्धतीने वापरलं जातं. ०.२ टक्क्यांचं १० मिली, दिवसातून दोनदा, अर्धा ते एक मिनिट, दोन आठवडे. एवढंच. पॉकेटमध्ये ते शिरत नाही. शस्त्रक्रियेनंतर ब्रश लावता येत नाही तेव्हा प्लाक रोखणं, एवढं त्याचं काम. महिनोन्‌महिने वापरलं तर दात आणि जीभ तपकिरी होतात, चव जाते. पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटने ते निकामी होतं, म्हणून घासल्यावर निदान अर्धा तास थांबा. आणखी एक गोष्ट दाहाची काळजी करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. जिभेवरचे काही जिवाणू पालेभाज्यांतलं नायट्रेट बदलून रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचा कच्चा माल पुरवतात. १९ निरोगी जणांनी आठवडाभर ही गुळणी केली तेव्हा वरचा आणि खालचा रक्तदाब २ ते ३.५ अंकांनी वाढलेला आढळला. हृदयासाठी म्हणून रोज ही गुळणी करणारा माणूस उलट दिशेला चाललेला असू शकतो.

पाण्याची धार मारणाऱ्या यंत्राने रक्तस्राव कमी होतो, चिकट प्लाक मात्र नीट निघत नाही. ब्रिज, इम्प्लांट, तारा लावलेले दात, किंवा संधिवाताने बोटं वळत नाहीत अशांना घ्यायला हरकत नाही. पाणी कोमट, दाब सर्वांत कमीपासून सुरू. फटीतल्या ब्रशऐवजी म्हणून घेऊ नका.

मेट्रोनिडाझोलची जेल बोटाने हिरडीवर चोळणं जवळजवळ व्यर्थ आहे. वरची लाळेत जाते. थोडी आत शिरलीच तरी ५ मिमीच्या पॉकेटमधला द्रव तासाला सुमारे ४० वेळा बदलतो, औषध टिकणार कसं? म्हणूनच दवाखान्यात हळूहळू विरघळणारी क्लोरहेक्सिडिनची चकती घालतात, तीही सफाई झाल्यावर उरलेल्या एकट्या-दुकट्या पॉकेटमध्ये.

गम पेंटमध्ये टॅनिक आम्ल, झिंक क्लोराइड असे आकसणारे पदार्थ असतात. हिरडीची कड आवळते, रक्त थोडं थांबतं, आतला आजार तसाच. 'गम केअर' पेस्टबद्दल एवढंच, की फ्लोराइड आहे ना पाहा. बाकी काम ब्रशचं आहे: मऊ केस, हिरडीच्या कडेशी ४५ अंशांचा कोन, दोन मिनिटं. विजेवर चालणारा ब्रश थोडा सरस ठरतो, खासकरून घाईत घासणाऱ्यांना. गेरूची लाल पूड आणि खरखरीत मंजनं टाळा. उघड्या पडलेल्या मुळांवर त्यांनी खाचा पडतात.

मिश्री ही मात्र वस्तूंच्या यादीत न धरता आजाराच्या कारणांत धरायची. भाजलेल्या तंबाखूची ही पूड महाराष्ट्रात, विशेषतः गावाकडच्या बायका, दात घासायला म्हणून वापरतात. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला भारतात १९९२ पासून बंदी आहे, पण मिश्री तंबाखू म्हणून सुटी मिळते किंवा घरीच तव्यावर भाजली जाते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर आहेच, शिवाय जिथे ती दाबून चोळली जाते तिथे हिरडी खाली सरकते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची अडचण वेगळी: त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे रक्त नाही म्हणजे आजार नाही हा अंदाज त्यांच्याबाबतीत चुकतो, आणि खोली मोजल्याशिवाय काही कळत नाही. दिवसाला १० किंवा जास्त सिगारेट, किंवा मधुमेहात ७ अथवा त्याहून जास्त एचबीए१सी असेल तर २०१८ पासूनच्या वर्गीकरणात पायोरिया थेट सर्वांत वेगाने वाढणाऱ्या गटात धरला जातो. सिगारेट सोडल्यावर पुढच्या चार-सहा आठवड्यांत हिरड्यांतून उलट जास्त रक्त येऊ शकतं. ते पाहून पुन्हा ओढायला लागणारे भेटतात. त्याच आठवड्यांत सफाईची वेळ घेऊन ठेवावी आणि हे रक्त येणार आहे हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवावं.